जखमेचा व्रण कमी कसा राहील? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीत आणि ड्रेसिंगच्या खोलीत रुग्ण व त्यांचे नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बरेचजण जखम भरून सहा महिने उलटल्यावर, हातात महागड्या मलमाची रिकामी ट्यूब घेऊन येतात. व्रण कसा होणार हे मात्र पुष्कळसे पहिल्या तीन आठवड्यांतच ठरलेले असते, म्हणून त्या काळाविषयी येथे अधिक लिहिले आहे.

जखम पूर्ण भरली, तरी व्रण का राहतो?

जखम झाल्यावर शरीराला उघडे पडलेले दार लावून घेण्याची घाई असते आणि त्या घाईत ते मूळची त्वचा पुन्हा विणत बसत नाही, ठिगळ लावते. रक्त गोठून प्रवाह थांबतो. पुढचे काही दिवस जखमेभोवती लाली, सूज आणि ठणका राहतो आणि या दाहाच्या काळात पांढऱ्या पेशी जंतू व मेलेला भाग उचलून नेतात. साधारण चौथ्या दिवसापासून तिसऱ्या आठवड्यापर्यंत फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजेन हे प्रथिन भराभर तयार करतात, नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, आणि म्हणूनच भरत आलेल्या जखमेचा तळ लालबुंद व दाणेदार दिसतो. शेवटची पायरी सर्वांत लांब चालते. घाईत तयार झालेल्या कच्च्या, तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनची जागा पहिल्या प्रकारचे दणकट कोलॅजेन घेते, जादा रक्तवाहिन्या मिटतात आणि व्रण हळूहळू मऊ, सपाट व फिकट होतो. याला वर्ष, कधी दोन वर्षेही लागतात.

निरोगी त्वचेत कोलॅजेनचे धागे टोपलीच्या विणीसारखे एकमेकांत गुंफलेले असतात. व्रणात ते एकाच दिशेने शेजारी शेजारी पडतात. त्यामुळे ३ आठवड्यांनी व्रणाची ताकद मूळच्या त्वचेच्या पाव भागाच्या आसपास असते आणि पूर्ण पिकल्यावरही ती सुमारे ८० टक्क्यांच्या पुढे जात नाही. केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथी तेथे पुन्हा येत नाहीत. जंतुसंसर्गामुळे, आत राहिलेल्या घाणीमुळे किंवा सततच्या ओढीमुळे दाह जितका लांबतो, तितके कोलॅजेन जास्त साचते. पुढे सांगितलेले बहुतेक उपचार या एकाच गोष्टीभोवती फिरतात.

प्रत्येक जखमेचा व्रण राहतोच का?

नाही. फक्त वरचा थर सोलवटला असेल, तर खालच्या केसांच्या मुळांतून नव्या पेशी पसरतात आणि काही महिन्यांत खूण शोधावी लागते. खालच्या जाड थरापर्यंत गेलेली जखम मात्र काही ना काही व्रण सोडतेच. माझ्या डाव्या तर्जनीवर विळीने झालेल्या कापाची रेघ आज तीस वर्षांनीही आहे. ती नखाने चाचपली तरच कळते आणि चांगल्या व्रणाकडून याहून अधिक अपेक्षा ठेवू नये. ‘व्रण शंभर टक्के घालवतो’ असे जो म्हणतो, त्याच्याकडून काही विकत घेण्यापूर्वी थांबावे.

जखम उघडी ठेवून सुकू द्यावी आणि खपली धरू द्यावी, हे खरे का?

आपल्या घरोघरी हेच सांगितले जाते आणि ते चुकीचे आहे. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर या इंग्रज संशोधकाने डुकरांच्या त्वचेवरील लहान जखमांपैकी काही उघड्या ठेवल्या आणि काही पातळ प्लास्टिकच्या आवरणाखाली ओलसर ठेवल्या. झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने पसरली. कारण सोपे आहे. ओलसर पृष्ठभागावर नव्या पेशी सरळ सरकत जातात, तर कडक खपली धरली की त्यांना तिच्याखालून, अधिक खोलातून वाट काढावी लागते. जखम लवकर झाकली गेली की दाह लवकर ओसरतो आणि व्रणही कमी उठतो.

घरच्या लहान जखमेसाठी करायचे ते एवढेच: नळाच्या वाहत्या पाण्याने आणि साध्या साबणाने जखम धुवावी, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावावा, न चिकटणारी जाळी किंवा पट्टी वर ठेवावी आणि हे दररोज बदलावे. स्वच्छ जखमेवर अँटिबायोटिक मलमाचा जेलीपेक्षा फारसा जास्त उपयोग होत नाही, उलट काहींना त्याची अ‍ॅलर्जी येते. रोज जंतुनाशक द्रावण किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड ओतल्याने जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात, तेव्हा जखमेवर फेस आला म्हणून समाधान मानू नये.

येथे मुंबईच्या दोन कामांचा उल्लेख केलाच पाहिजे. परळच्या वाडिया बाल रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी १९८०च्या दशकात उकडलेल्या बटाट्यांच्या सालींची पट्टी भाजलेल्या मुलांसाठी वापरली; पुढे सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानांचे ड्रेसिंग तपासले आणि ते अधिक स्वस्त व तयार करायला सोपे ठरले. पट्टी न चिकटणे आणि ओलावा टिकणे हे मोठे गुण या साध्या वस्तूंत होते, आणि ड्रेसिंग काढताना मूल ओरडले नाही की नवी त्वचाही सोलली गेलेली नसते. मात्र ही पाने रुग्णालयात निर्जंतुक करून वापरली जात. दादरच्या मंडईतून आणलेले पान घरी जखमेवर बांधण्याचा सल्ला येथे दिलेला नाही.

भाजल्यावर हळद, टूथपेस्ट, शाई यांपैकी काय लावावे?

यांपैकी काहीही लावू नये. भाजलेली जागा वाहत्या साध्या पाण्याखाली पूर्ण २० मिनिटे धरावी. भाजल्यापासून ३ तासांच्या आत केले तरी त्याचा उपयोग होतो. ज्या घरांत नळाला ठराविक वेळीच पाणी येते, तेथे पिंपातल्या स्वच्छ पाण्याचे तांबे सावकाश ओतत राहावेत. बर्फ लावू नये, कारण त्याने आधीच दुखावलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा आणखी घटतो. बांगड्या आणि अंगठ्या सूज येण्यापूर्वीच काढाव्यात.

लालबागच्या एका ताई कुकरच्या वाफेने भाजलेला हात घेऊन आल्या होत्या. कोपरापासून मनगटापर्यंत टूथपेस्ट वाळून पापुद्रे धरले होते आणि ते भिजवून, एकेक सोडवून काढायला पाऊण तास लागला. खाली फोड कुठे आहेत, कातडी कुठे पांढरी पडली आहे, हे तोपर्यंत कोणालाच दिसत नव्हते. भाजल्याची खोली पहिल्याच दिवशी नीट दिसणे फार महत्त्वाचे असते, कारण जी जखम ३ आठवड्यांत आपोआप भरणार नाही, तिच्यावर उंच, खाजरा आणि सांधे ओढणारा व्रण येण्याचा धोका एकदम वाढतो. अशा जखमेवर वेळेत त्वचारोपण करणे हाच व्रण कमी करण्याचा सर्वांत मोठा उपचार ठरतो. हळदीत दाह कमी करणारे घटक आहेत हे खरे, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि तिच्या रंगाखाली जखम लपते.

पावसाळ्यात जखम कशी सांभाळावी?

भिजलेली पट्टी लगेच बदलावी. ओलसर जखम आणि गटाराच्या पाण्यात भिजलेली जखम यांत फार अंतर आहे. साचलेल्या पाण्यातून उघडी जखम घेऊन चालल्यास लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, तेव्हा तसे झाल्यास पाय साबणाने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे, म्हणजे गरजेनुसार प्रतिबंधक गोळी देता येते. धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशीही तेव्हाच होते.

टाके कधी काढावेत आणि त्यांच्या खुणा का राहतात?

चेहऱ्यावरचे टाके साधारण ५ दिवसांनी, डोक्यावरचे ७ ते १० दिवसांनी, पोट व हातापायांवरचे १० ते १४ दिवसांनी काढतात. ‘अजून दोन दिवस राहू दे, पक्के होईल’ असे म्हणून टाके ठेवले, की दोऱ्याच्या छिद्रांतून त्वचा आत वाढते आणि रेल्वेच्या रुळांखालच्या पट्ट्यांसारख्या आडव्या खुणा कायमच्या उमटतात. लवकर टाके काढूनही जखम उघडू नये, यासाठी सर्जन आतल्या थराला विरघळणारे टाके घालतात आणि सगळी ओढ त्यांच्यावर सोपवतात.

ओढ हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. व्हिएन्नाचे शरीररचनातज्ज्ञ कार्ल लँगर यांनी १८६१ मध्ये त्वचेतील ताणाच्या रेषांचा नकाशाच तयार केला. या दिशांचा विचार करून घेतलेला छेद बारीक भरतो, ताण आडवा येणारा छेद रुंदावतो. अपघाताची जखम ही दिशा विचारून होत नाही, म्हणून टाके काढल्यावर साधी कागदी चिकटपट्टी व्रणाच्या बाजूने लावून कडा जवळ धरून ठेवावी. आठवड्याने पट्टी सुटेल, तेव्हा नवी लावावी आणि हे सुमारे १२ आठवडे चालू ठेवावे. सिझेरियनच्या छेदावर या एवढ्याशा स्वस्त पट्टीचा चांगला उपयोग दिसून आला आहे. खांद्याचा किंवा छातीचा छेद असलेल्यांनी या काळात लोकलमध्ये हँडलला लटकून उभे राहू नये. विरारपासून चर्चगेटपर्यंत गर्दीच्या प्रत्येक धक्क्याला तो व्रण दोन्हीकडून ओढला जातो आणि महिन्याभरात बोटभर रुंद होतो.

सिलिकॉनची पट्टी घ्यावी की जेल, आणि ते खरोखर काम करते का?

बाहेरून लावायच्या वस्तूंत तज्ज्ञांचा सर्वाधिक भरवसा आजही सिलिकॉनवरच आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला भाजलेल्या रुग्णांवर त्याचा वापर सुरू झाला आणि तेव्हा दाबामुळे परिणाम होतो असा समज होता. नंतर लक्षात आले की सिलिकॉन व्रणातून उडून जाणारे पाणी अडवते; वरचा थर ओलसर राहिला की तेथील पेशी खालच्या फायब्रोब्लास्टना कोलॅजेन तयार करण्याचे कमी संकेत पाठवतात. उपलब्ध अभ्यास फार पक्के आहेत असे म्हणता येणार नाही, पण अपाय जवळजवळ नसल्यामुळे आम्ही ते सुचवतो.

जखम पूर्ण बंद झाल्यावरच, म्हणजे साधारण दुसऱ्या आठवड्यानंतर, सुरुवात करावी. पट्टी दिवसातून किमान १२ तास आणि निदान २ ते ३ महिने वापरली पाहिजे. रात्री जेवणानंतर लावून सकाळी काढणारे बहुतेकजण ठरलेल्या वेळेपर्यंत पोहोचत नाहीत. एकच पट्टी साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवली की पुन्हा चिकटते आणि काही आठवडे चालते, त्यामुळे पाहताना वाटते तितकी ती महाग पडत नाही. मुंबईच्या मे महिन्यात तिच्याखाली घाम साचून घामोळे येते. तसे झाल्यास दोन दिवस विश्रांती द्यावी आणि मग कमी तासांपासून पुन्हा वाढवत न्यावे. चेहरा, सांधे आणि दिवसा उघड्या राहणाऱ्या जागांसाठी जेल सोयीचे असते, पण त्याचा पातळ थर वाळेपर्यंत काही मिनिटे थांबावे लागते आणि जाड थर लावल्याने फायदा वाढत नाही.

व्रणाला मालिश करावी का?

जखम बंद होऊन दोन-तीन आठवडे झाल्यावर दिवसातून दोन-तीन वेळा, प्रत्येकी ५ ते १० मिनिटे, बोटाने घट्ट दाबून गोलाकार मालिश करावी. खोबरेल तेल चालते. त्याचे काम बोट घसरू देणे एवढेच आहे. व्रण मऊ होतो आणि खाज कमी होते. त्वचा फाटत असेल किंवा व्रण अधिकच लाल होत असेल, तर थांबावे.

व्हिटॅमिन ई, कांद्याचा अर्क आणि कोरफड यांबद्दल काय?

व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून लावण्याची सवय मोडायला आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागतो. १९९९ मध्ये मायामीत १५ रुग्णांवर झालेल्या एका लहान अभ्यासात प्रत्येकाच्या व्रणाच्या एका भागाला व्हिटॅमिन ई आणि दुसऱ्याला साधे मलम लावले गेले. ९० टक्के व्रणांत व्हिटॅमिन ईने काही फरक पडला नाही किंवा व्रण अधिक वाईट झाला आणि तिघांपैकी एकाला त्वचेवर पुरळ उठले. कांद्याच्या अर्काच्या जेलला आधार कमकुवत आहे. कोरफड थंडावा देते. तिच्याकडून व्रण पुसण्याची अपेक्षा ठेवू नये.

आयुर्वेदात काय आहे असेही विचारले जाते. सुश्रुतसंहितेत व्रणावरचे (तेथे व्रण म्हणजे जखम) ६० उपचार सांगितले आहेत आणि त्यांत जखम भरल्यानंतर त्वचेचा रंग जुळवणे व केस पुन्हा आणणे यांचाही समावेश आहे, म्हणजे ‘भरले पण दिसते वाईट’ ही तक्रार तेव्हाही वैद्यांपर्यंत पोहोचत होती.

व्रण काळा का पडतो?

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत दाह झालेल्या जागी रंगद्रव्य जास्त तयार होते आणि ऊन लागले की ते अधिकच गडद होते. पहिले वर्षभर व्रण कपड्याने झाकावा किंवा ३० वा त्याहून अधिक एसपीएफचे सनस्क्रीन दर दोन-तीन तासांनी लावावे. रस्त्यावर घसरून खरचटलेल्या जखमेतला काळेपणा मात्र वेगळा असू शकतो: डांबर आणि खडीचे कण आत राहिले, तर ते गोंदणासारखे कायमचे बसतात, म्हणून अशी जखम पहिल्याच दिवशी भूल देऊन घासून स्वच्छ करून घ्यावी.

उंचावलेला व्रण आणि कीलॉइड यांत फरक काय?

उंचावलेला, म्हणजे हायपरट्रॉफिक व्रण जखमेच्या हद्दीतच राहतो, एक-दोन महिन्यांत उठतो, काही महिने वाढतो आणि मग वर्ष-दोन वर्षांत बऱ्याच प्रमाणात आपोआप बसतो. कीलॉइड जखमेची हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या त्वचेत पसरतो, कधी जखमेनंतर कित्येक महिन्यांनी सुरू होतो आणि आपणहून जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसचे त्वचारोगतज्ज्ञ आलिबेर यांनी त्याला खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून नाव दिले. छातीवरचा कीलॉइड पाहिला की कोकणी माणसाला कुर्लीचे डेंगे आठवतातच, तेव्हा नाव चपखल आहे.

कानाची पाळी, छातीचा मधला भाग, खांदे, दंड आणि जबड्याची कड या जागा कीलॉइडच्या आवडीच्या. तळहात आणि पापण्यांवर तो क्वचितच होतो. सावळ्या त्वचेत आणि १० ते ३० या वयात त्याचे प्रमाण जास्त असते व तो घराण्यात चालतो. आई किंवा मावशीला कीलॉइड असेल, तर मुलीचे कान दुसऱ्यांदा टोचण्याचा हट्ट सोडलेला बरा.

कीलॉइड कापून टाकता येत नाही का?

नुसता कापला, तर निम्म्याहून अधिक वेळा तो परत येतो आणि अनेकदा पूर्वीपेक्षा मोठा होऊन येतो. म्हणून सुरुवात सहसा इंजेक्शनने होते: ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड थेट गाठीत, दर ४ ते ६ आठवड्यांनी, कित्येक वेळा द्यावे लागते. पहिले इंजेक्शन बरेच दुखते, कारण घट्ट गाठीत औषध शिरायला जागाच नसते. गाठ मऊ झाल्यावर पुढची सोपी जातात. प्रमाण चुकले तर त्वचा पातळ होते, खड्डा पडतो किंवा पांढरट डाग येतो. केवळ स्टेरॉइडने भागले नाही, तर त्यात पेशींची वाढ रोखणारे ५-फ्लुरोयुरॅसिल हे औषध मिसळतात. लहान गाठी द्रवरूप नायट्रोजनने गोठवतात. मोठा कीलॉइड कापायचाच असेल, तर शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांतच थोड्या मात्रेचे रेडिएशन किंवा नंतर इंजेक्शनांची मालिका ठरवूनच सुरीला हात घालावा. कानाच्या पाळीसाठी शस्त्रक्रियेनंतर दाब देणारी क्लिप काही महिने लावली जाते.

गर्भवती व स्तनदा मातांनी ही इंजेक्शने घेण्यापूर्वी तसे स्पष्ट सांगावे, कारण ५-फ्लुरोयुरॅसिल त्यांना देत नाहीत.

लेझर केव्हा करावे?

लाल, खाजऱ्या, ताज्या व्रणासाठी ५९५ नॅनोमीटरचे पल्स्ड डाय लेझर असते आणि ते व्रणातील रक्तवाहिन्यांवर काम करते. जुन्या, जाड किंवा भाजल्याच्या व्रणासाठी फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर वापरतात. ते व्रणात सूक्ष्म छिद्रे पाडते आणि भरताना कोलॅजेनची मांडणी सुधारते. सावळ्या त्वचेवर ऊर्जा जास्त झाली, तर काळा डाग पडतो, म्हणून आधी लहान जागेवर चाचणी घेण्याचा आग्रह धरावा. अनेक बैठका लागतात आणि सगळ्यांचा खर्च पहिल्याच भेटीत लेखी विचारावा.

भाजल्यानंतरचे घट्ट कपडे मुंबईच्या उकाड्यात घालायलाच हवेत का?

मापाने शिवलेले हे प्रेशर गारमेंट दिवसातले सुमारे २३ तास, ६ महिने ते वर्षभर घालायचे असतात आणि उन्हाळ्यात ते जाचतात, हे खरे आहे. दोन जोड शिवून घ्यावेत, म्हणजे एक धुतलेला तयार राहतो. सैल झालेला कपडा दाब देत नाही, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी माप पुन्हा द्यावे. याच काळात फिजिओथेरपी सोडली, तर कपडा घालूनही कोपर किंवा मान आखडते.

खाणे, मधुमेह आणि तंबाखू यांचा व्रणाशी संबंध आहे का?

आहे. साखर वाढलेली असेल तर जखम रेंगाळते. विडी-सिगारेटने त्वचेचा रक्तपुरवठा घटतो, आणि मशेरीतही निकोटीन असतेच. कोलॅजेनसाठी प्रथिने आणि व्हिटॅमिन सी लागते, तेव्हा ‘जखम चिघळेल’ म्हणून अंडी, मासे, डाळी व लिंबू बंद करण्याची प्रथा रुग्णाचे नुकसानच करते.

अजिबात व्रण न राहू देणारे औषध निघाले आहे का?

अद्याप नाही. आईच्या पोटातील गर्भाची जखम साधारण २४ आठवड्यांपर्यंत व्रणाविना भरते आणि तेव्हा टीजीएफ-बीटा या पेशींना संकेत देणाऱ्या प्रथिनाच्या प्रकारांचे प्रमाण प्रौढांहून वेगळे असते. त्यावरूनच टीजीएफ-बीटा ३ चे इंजेक्शन तयार झाले. सुरुवातीच्या चाचण्यांत त्याने आशा दाखवली, पण २०११ मध्ये मोठ्या चाचणीत ते अपयशी ठरले. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी व्हर्टेपोर्फिन या जुन्या औषधाने उंदरांच्या जखमा केसांसकट, व्रणाविना भरल्याचे दाखवले. उंदराची सैल कातडी आणि माणसाची ताणलेली त्वचा यांतले अंतर मोठे आहे. टाके घालताना बोटुलिनम टॉक्सिन (बोटॉक्स) टोचून भोवतीच्या स्नायूंची ओढ काही महिने थांबवण्याचा उपाय मात्र चेहऱ्यावरच्या जखमांसाठी आजच उपलब्ध आहे.

मुंबईत कुठे दाखवावे आणि थांबू नये असे केव्हा?

केईएम, सायन, नायर आणि जेजे या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत; भाजलेल्यांसाठी चिंचपोकळीचे कस्तुरबा, भायखळ्याचे मसीना आणि ऐरोलीचे नॅशनल बर्न्स सेंटर येथे स्वतंत्र सोय आहे. सायन आणि ऐरोली येथे त्वचापेढ्याही आहेत. मृत्यूनंतर ६ तासांच्या आत दान केलेली त्वचा मोठ्या जखमांवर तात्पुरते आवरण म्हणून वापरता येते आणि तोवर रुग्णाची जखम जंतूंपासून वाचते.

चेहरा, हात, पाय, सांधे किंवा गुप्तांग भाजले असेल, जखम २ आठवड्यांत भरण्याची चिन्हे नसतील, ताप, पू किंवा पसरणारी लाली दिसत असेल, तर त्याच दिवशी दाखवावे. भरलेला व्रण उंच होऊ लागला, रात्री खाज सुटू लागली किंवा बोट सरळ होईनासे झाले, तर वर्ष सरण्याची वाट पाहू नये. केसपेपर काढताना जखम झाल्याची तारीख आणि असल्यास पहिल्या दिवसाचा मोबाइलवरचा फोटो सोबत आणावा.